मोठी आई, तुझं कोरडं डोकं

मोठी आई, माझं डोकं इतकं खाजतंय की धड एका जागी बसवत नाही. उद्या तुझा दहावा. तोवर घरात कुणाच्याच केसाला तेल नाही. आण्णा टोपी वर सारून नखांनी खाजवतात, आई फणी उलटी धरून टाळूवर ओढते, आणि मी हे लिहिताना दर दोन ओळींनी पेन केसांत खुपसते. तू असतीस तर म्हणाली असतीस, "काय गं, उवा झाल्यात का? ये हितं, बस खाली." आणि मला दोन गुडघ्यांत दाबून अर्धी बाटली डोक्यावर ओतली असतीस. मग कुणालातरी तुला सांगावं लागलं असतं की बाई, घरात सुतक आहे, आणि ते तुमचंच आहे.

आई माझ्याशी बोलत नाही. म्हणजे 'जेव' म्हणते, 'पंखा बंद कर' म्हणते, पण माझ्याकडं बघून नाही. भिंतीला सांगते, मी ऐकायचं. तुझी धाकटी जाऊ कशी आहे हे मी तुला काय सांगू! जन्मभर तुझ्याशी भांडली, पण दुसऱ्यानं तुझ्याबद्दल एक शब्द काढला तर त्याची धडगत नसायची. आता तो दुसरा मी झालेय. शेवटची अंघोळ घालताना तुझे केस कोरडे निघाले, भावकीतल्या बाया एकमेकींकडं बघायला लागल्या, आणि आई सगळ्यांदेखत मला म्हणाली, "तुझ्या मशिनीपायी बाई कोरड्या डोक्यानं गेल्या." एवढं एकच वाक्य ती माझ्या तोंडावर बोलली. त्यानंतर तोंड फिरवलं ते फिरवलंच.

आणि मशीन इथंच आहे, कोपऱ्यात, काळ्या पिशवीत. त्या दिवशी एसटीतून उतरवून आणली तशी ठेवली. मी उघडली नाही, आईनं हलवली नाही. झाडताना झाडू तिच्या कडेनं जातो.

परवा धाराशिवहून, कामावरच्या मॅडमचा फोन आला. बिचाऱ्या नीट बोलल्या. सावकाश ये म्हणाल्या. मी म्हटलं, "मॅडम, येईन की नाही तेच सांगता येत नाही." खरंच सांगता येत नाही, मोठी आई. आईचं म्हणणं खरं असेल तर कुठल्या तोंडानं मी दुसऱ्या बाईच्या डोक्याला हात लावू? आणि खोटं असेल तर ते आईला पटवणार कोण? ते काम तुझं होतं. आईला काहीही पटवायचं असलं की मी तुझ्याकडं यायचे. आता तू अशी ऐन वेळेला निघून गेलीस. मला राग येतोय तुझा. मेलेल्या माणसावर रागवू नये म्हणतात, पण ज्यांनी हे ठरवलं त्यांच्या घरात तुझ्यासारखं कुणी नसणार.

माझं काम काय, हे मला लोकांना कधी नीट सांगता आलं नाही. मी 'मेंदूचे विद्युत संकेत' म्हणायला लागले की समोरच्या बाईचे डोळे तिथंच विझायचे. तू मात्र येरमाळ्याच्या स्टँडवर पाण्याची बाटली विकत घेता घेता दुकानदारणीला सांगितलंस, ते मी मागं उभी राहून ऐकलंय. "आपलं डोकं आतनं बारीक इजंवानी चालतंय म्हनं. लई बारीक, आपल्याला कळंना एवढं. म्हनून डोक्यात टोपडं घालायचं. टोपड्याला भोकं, भोकात बटनं, अन् बटनाखाली थंडगार चिकट भरायचं. मग म्हातारपनी गानं ध्यानात ऱ्हातंय का, त्ये मशिनीवर रेघा वडून बघत्यात." दुकानदारणीनं विचारलं, "दुखतंय का?" तू म्हणालीस, "न्हाय गं. नुस्तं गार लागतंय."

बस. आमच्या अभ्यासाची माहिती याहून सोपी कुणी लिहिली नसती. बटणं म्हणजे इलेक्ट्रोड, चिकट म्हणजे जेल. जेल कोरफडीच्या गरासारखं दिसतं, त्यात मीठ असतं, आणि कातडी नि धातू यांच्या मधला तो पूल. पूल नीट बसला की स्क्रीनवरचा तांबडा ठिपका हिरवा होतो. आणि पुलाखाली तेल आलं की सगळं बोंबललं. जेल आणि खोबरेल यांचं सवतीसारखं आहे, एका डोक्यावर दोघी नांदत नाहीत.

तिथंच आमची पहिली फजिती झाली. मॅडम पुण्याच्या. त्यांनी सगळ्यांना निरोप धाडला, 'येताना केस स्वच्छ धुऊन या.' बाया शिकेकाई लावून न्हाल्या, आणि मग परक्या ठिकाणी, शिकल्या-सवरल्या माणसांत जायचं म्हणून वरून चापूनचोपून तेल लावून आल्या. भांगातून तेल कपाळावर उतरलेलं. स्क्रीनवर सगळे ठिपके तांबडे, आणि मॅडम मला विचारतात, "यांना केस धुवायला सांगितलं होतं ना?" मी म्हटलं, "धुतलेत की!" मग मी शहाणपणा करून पुढच्या निरोपात स्पष्ट लिहिलं, 'केसांना तेल लावू नये.' आणि येरमाळ्यातून एकही बाई आली नाही. एकही!

दुसऱ्या दिवशी तुझा फोन. "आगं ए शहानी, काय लिवून पाठवलंस? गावच्या बायांना जित्यापनी सुतकात बसवतीस का? कोरडं डोकं कवा असतंय, तुला म्हाईत न्हाय व्हय?" मला माहीत होतं गं. याच घरात वाढले मी. पण त्या खोलीत, एसीत, मॅडमच्या शेजारी बसलं की घरचं माहीत असलेलं कुठंतरी मागं पडतं, हे तुला कसं सांगायचं? मग तूच म्हणालीस, "ऱ्हाऊ दे. म्या बघते."

आणि बघितलंस. मंगळवारी तुमचा आराधी बायांचा मेळा बसायचा, तू गळ्यात कवड्यांची माळ घालून, पुढ्यात परडी ठेवून. गाणी झाली की सगळ्यांना धरून सांगायला लागलीस, "माझ्या पोरीचं काम हाय. तेल न लावता जावा. माघारी आल्यावर लावा. देवी काय म्हनत न्हाय, म्या इचारलंय." देवीला कधी विचारलंस, ते मी विचारलं नाही. पण बाया आल्या. शेजारच्या वाशी तालुक्यातल्याही आल्या. डोक्यावर पदर घट्ट ओढून, कोरडे केस कुणाला दिसू नयेत म्हणून. दाराआड आल्यावर पदर काढायच्या आणि पहिलं वाक्य प्रत्येकीचं एकच, "मोठ्याईनं सांगितलं म्हनून आले बरं."

फक्त तू स्वतः आलीस ती तेलात बुडून! लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असं म्हणतात. तुझ्या बाबतीत पाषाण कोरडा असता तर बरं झालं असतं. इस्त्रीचं लुगडं, हातात पिशवी, पिशवीत मॅडमसाठी शेंगा, आणि केस असे चमकत होते की मला हसावं का रडावं कळेना. मॅडम हळूच म्हणाल्या, "या तुझ्याच काकू ना?" मी स्पिरिटच्या बोळ्यांनी एकेक जागा घासायला घेतली. तू ओरडतेयस, "चामडी सोलतीस का माझी?" टोकाला सुई नसलेली सिरिंज बघूनसुद्धा तू खुर्चीचा दांडा धरलास. जेल भरलं की घसरायचं. भरायचं, घासायचं, पुन्हा भरायचं. कसेबसे निम्मे ठिपके हिरवे झाले.

मग गाणं लागलं. आता यातली गंमत तूच जास्त सांगायचीस. अभ्यासाला या भागातल्या बायांच्या ओळखीचं गाणं हवं होतं, कुणाच्या तयार कॅसेटवरचं नको होतं, म्हणून मॅडमनी तुमच्याच मेळ्याकडून जोगवा गाऊन घेतला होता. त्यात तुझा आवाज सगळ्यांत मोकळा, म्हणून एकटीचा ठेवला. आजवर जेवढ्या बायांना टोपी घातली, त्या सगळ्यांच्या कानात तूच गात होतीस. आणि आता तू स्वतः टोपी घालून बसलेली, कानात तुझाच आवाज. सूचना सोपी होती, हलायचं नाही, गायचं नाही, नुसतं ऐकायचं. पहिल्या कडव्याला तुझी मान हलली. दुसऱ्याला ओठ. तिसऱ्याला तू चक्क वरच्या पट्टीत गायला लागलीस, हातांनी टाळ्या वाजवत. स्क्रीनवरच्या रेघा अशा नाचायला लागल्या की मॅडमनी डोक्याला हात लावला.

मी थांबवलं. "मोठी आई, जबडा हलला की सगळं खराब होतं."

"खराब?" तू म्हणालीस. "देवीचं गानं लागलंय अन् म्या मुक्यावानी बसू?"

दुसऱ्यांदा लावलं. तू तोंड मिटून घेतलंस खरं, पण दात आवळून आतल्या आत गात होतीस. जबड्याच्या स्नायूंची एवढी ताकद असते की मेंदूची बारीक रेघ त्यात बुडून जाते. तेही गेलं वाया. तू मात्र खूश. बाहेर येऊन, केसांत पांढरं जेल वाळलेलं, उन्हात उभी राहून विचारलंस, "लागलं का माझं?" म्हणजे अभ्यासात तुझं धरलं का, मोजलं का. मी तुझ्याशी खोटं बोलत नाही. तुझ्याशी खोटं बोललं की तू दुसऱ्या दिवशी पकडतेस. म्हटलं, "नाही लागलं."

तेवढ्यानं तुझा चेहरा पडला. मला वाटलं होतं तू हसशील. येरमाळ्यापर्यंत एसटीत तू केसांतलं वाळलेलं जेल नखानं खरवडत बसलीस. आणि घरी आल्यावर ओट्यावर बसून मला म्हणालीस, "सगळ्या गावाचं लागलं, अन् माझं न्हाय?"

मी म्हटलं, "पुन्हा घेऊ. मी मशीन घरी आणते. तू फक्त गप्प बस आणि तेल लावू नकोस. एकच दिवस."

"गप बसंन. तेल सुटायचं न्हाय."

"का पण? गावाला तर सांगत हिंडलीस!"

तेव्हा तू ते सांगितलंस. मी लहान असताना मोठे आबा गेले, एवढंच मला माहीत होतं. आबा गेल्यावर सुतक फिटलं, सगळ्यांनी तेल लावलं, पण सासूनं तुझ्या डोक्याला वर्षभर थेंब लागू दिला नाही. विधवेला कशाला तेल, म्हणून. केसांचा काथ्या झाला, टाळूला भेगा पडल्या. "तवाच ठरवलं," तू म्हणालीस, "आता माझ्या डोक्याचं तेल सुटंल त्ये म्या मेल्यावरच." आणि उठून आत गेलीस. मी मागून ओरडले, "एका दिवसानं काय आभाळ कोसळणार आहे का?"

आपलं भांडण तिथंच अडकलंय. त्यानंतर मी दोनदा विषय काढला, दोनदा तू दुसरंच काहीतरी बोललीस. एकदा तर माझ्या लग्नाचं काढलंस, म्हणजे मी पळ काढणार हे तुला पक्कं माहीत.

मला एक सांगायचं राहून गेलं. शाळेत असताना दर रविवारी तू मला अंगणात गुडघ्यांत धरून तेल लावायचीस. बोटांची टोकं टाळूवर कुठं किती दाबायची, कुठं केस फाकवायचे, कानामागं कसं जायचं, हे सगळं माझ्या डोक्याला आधी कळलं आणि मग माझ्या हातांना. पुण्याला ट्रेनिंगला गेले तेव्हा बाकीच्या मुली केस बाजूला सारून कातडी शोधताना रडकुंडीला यायच्या. माझं पहिल्याच दिवशी जमलं. सर म्हणाले, "हात चांगला आहे हिचा." मी म्हटलं नाही, की हा हात माझ्या मोठ्या आईचा आहे. तुलाही कधी म्हटलं नाही. म्हणायला हवं होतं. तू चार दिवस गावभर सांगितलं असतंस.

तू गेलीस त्याच्या आदल्या संध्याकाळी तुझा फोन आला. "उद्या ये गं. म्या तयार हाय. तुझं टोपडं, चिकट, काय असंल त्ये सगळं घेऊन ये." मी म्हटलं, "तयार म्हणजे? तेलाचं काय?" तू हसलीस. "तू ये तर." मला वाटलं नेहमीसारखं काहीतरी करणार, पुन्हा तेलात न्हाऊन बसणार, आणि वर मलाच बोलणार. मी चिडूनच झोपले. सकाळी धाराशिवच्या स्टँडवर मांडीवर पिशवी घेऊन बसले होते तेव्हा आण्णांचा फोन आला. चहा घेऊन ओट्यावर बसलीस ती तशीच खांबाला टेकून गेलीस म्हणे. आईला वाटलं डुलकी लागली. येरमाळ्यापर्यंतचा तो प्रवास मला आठवत नाही. पिशवी पडू नये म्हणून दोन्ही हातांनी घट्ट धरली होती, एवढंच आठवतं.

अंघोळीला मी तुझ्या डोक्याशी बसले. पाणी ओतायच्या आधी केस मोकळे करायला बोटं घातली आणि हात तिथंच थांबला. मऊ, भुरभुरीत, शिकेकाईचा वास येणारे केस. तेलाचा टिपूस नाही. आणि माझ्या बोटांना तुझ्या डोक्यावरच्या सगळ्या जागा माहीत होत्या, मोठी आई. कपाळापासून मागच्या उंचवट्यापर्यंत टेप लावून मोजलेलं डोकं ते. बोटं आपोआप एकेका जागेवर जाऊन थांबत होती, इथं एक, इथं एक. हिरवा, हिरवा, हिरवा. सगळे ठिपके हिरवे झाले असते. मी मोठ्यानं रडायला लागले. बायांना वाटलं मरणाचं रडतेय.

तेव्हा आईनं तेलाची बाटली मागितली. कुणीतरी म्हणालं, "आता कशाला?" आईनं त्या बाईकडं असं बघितलं की ती बाजूला झाली. स्वतःच्या हातानं तुझ्या डोक्याला तेल लावलं, सावकाश, सगळ्यांना थांबवून. आणि मग मला ते वाक्य बोलली.

तर आता तू सांग. मी तुझ्या मागं लागले म्हणून तू तुझा नेम मोडलास का? मोडलास तो मोडलास, पण एक दिवस तरी थांबायचं होतंस. तू म्हणाली होतीस तेल सुटेल ते मेल्यावरच, आणि बाया आता तेच धरून बसल्यात. बाईनं जितेपणी सुतकाचं डोकं केलं आणि सुतक घरात आलं. मी शास्त्र शिकलेय. केसांना तेल नसल्यानं कुणी मरत नाही, हे मला ठाऊक आहे. तरी संध्याकाळ झाली की तुला तेच विचारत बसते. तू रागानं कोरडी राहिलीस, की हरून, की माझी कटकट एकदाची संपावी म्हणून? हे एक कळलं असतं तर मी सुखानं खाजवत बसले असते. उठते, ओट्यावर जाते, परत येते. पिशवीकडं बघते. परत उठते.

इथवर काल लिहिलं होतं. आज तुझा दहावा झाला.

आण्णा शेतातून विधी करून आले. कावळा लगेच शिवला म्हणे. भावकीतली सगळी म्हणाली, बाईचं काही राहिलं नाही मागं. मी मनात म्हटलं, तुम्हाला काय माहीत. घर धुतलं, सगळ्यांच्या अंघोळी झाल्या, बायांनी न्हाऊन अंगणात उन्हात केस सोडले. आई तेलाची बाटली घेऊन बसली. तुझीच बाटली. एकेकीच्या डोक्याला तेल लावून सुतक काढत होती. सगळ्या झाल्या, गेल्या. राहिलो आम्ही दोघी. मी पुढं सरकून खाली बसले, म्हटलं आता तरी हात लावेल. आई जागची हलली नाही. बाटलीचं टोपण लावलं.

"त्ये आन," आई म्हणाली.

"काय?"

"तुझं टोपडं. पिशवीतलं."

मला कळेना. मग आई पहिल्यांदा माझ्याकडं बघून बोलली.

"जायच्या आदल्या दिशी म्याच बाईचं डोकं धुतलं. धुऊन झाल्यावर हीच बाटली घेऊन हुभी ऱ्हायले. 'नगं' म्हनल्या. म्या लई भांडले. म्हनलं, बाई, सुतकाचं डोकं करून का हिंडताय? तर म्हनल्या, 'त्या वक्ताला दुसऱ्यानं कोरडं ठिवलं हुतं. आत्ता म्या माझ्या मनानं ठिवतीय. पोरीला सांगू नगं, आल्यावर बघू तिचं तोंड.' हसत हुत्या. म्या रागानं आत निघून आले. तर हाळी मारून म्हनल्या, 'उद्या काम झालं की तूच लाव गं तेल.'"

आईनं बाटलीचं टोपण पुन्हा आवळलं. मग म्हणाली, "म्या लावलं."

आई रडत नव्हती, मीच रडत होते. "तुला बोलले त्ये," ती म्हणाली, "दुसरं कुनाला बोलू? स्वताला बोलून भागंना." मग पदर खांद्यावर सारला, मोकळे केस पुढं घेतले. "आता घे माझं. धुतलंय, तेल न्हाय. बाईची जागा मोकळी ऱ्हायली म्हनशील नायतर."

मी म्हटलं, "आई, असं घेता येत नाही. आज तर नाहीच. रडून रडून डोकं..."

"मग काय हसलेलं डोकं लागतंय व्हय मशिनीला?"

मी मॅडमना फोन लावला. त्यांनी दोनदा विचारलं, आईची खरंच मर्जी आहे ना. आईनं फोन माझ्या हातातून घेतला आणि सांगितलं, "मर्जी हाय. लई मर्जी हाय." मी संमतीचा कागद वाचायला लागले तर म्हणाली, "वाचू नगं, बाईनं घोकून घोकून ऐकवलंय सगळं." तरी मी सगळा वाचला. कधीही थांबवता येईल, हेही सांगितलं. "घाल आता," आई म्हणाली.

पिशवी उघडली. टोपी घातली, केस फाकवले, जेल भरलं. तुझ्या बोटांनी, मोठी आई. आई एवढंच म्हणाली, "गार लागतंय." ठिपके एकामागून एक हिरवे होत गेले. डोळे मिटायला सांगितलं की मागच्या भागात एक संथ, सारखी लाट उठते, ती आईची मी आज पहिल्यांदा पाहिली. मग गाणं लावलं. लावायच्या आधी आवाज दोनदा कमी केला, कारण आईच्या कानात तू गाणार होतीस, आणि तू गेल्यापासून या घरात तुझा आवाज नव्हता.

आई हलली नाही. तुला माहीत आहे ना, ही बाई ताटावर दोन मिनिटं सरळ बसत नाही. तुझ्या गाण्यात तर दर कडव्याला तोंड घालायची, "खाली घ्या बाई, लई वर चढवलंत." आज मान नाही हलली, ओठ नाही हलले. मिटलेल्या डोळ्यांतून पाणी येऊन हनुवटीवरून गळ्यात उतरत होतं, ते पुसायला हातसुद्धा उचलला नाही. पहिल्यापासून शेवटपर्यंत तू गात राहिलीस आणि तुझी धाकटी जाऊ गप बसून ऐकत राहिली.

गाणं संपलं. मी म्हटलं, "झालं, आई. हललीस तरी चालेल."

आईनं डोळे उघडले, नाक पुसलं आणि म्हणाली, "लई वर चढवलंय बाईनं."

मग विचारलं, "लागलं का?"

मी रेघा मागं नेऊन पाहिल्या. डोळ्यांच्या पाण्यानं पुढच्या दोन रेघा जरा हलल्या होत्या, त्या साफ करता येतात. बाकी सगळं स्वच्छ. "लागलं," मी म्हटलं.

तुझं लागलं नाही, मोठी आई. तुझ्याशी खोटं बोलायचं नाही म्हणून सांगते. तुझ्या रेघा वगळलेल्यातच राहणार, नुसता जबडा, नुसती मान, नुसत्या टाळ्या आहेत त्यात. मी त्या पुसणार मात्र नाही. सोमवारी कामावर जाते म्हणून मॅडमना कळवलंय.

आईच्या केसांतलं जेल मी कोमट पाण्यानं धुतलं. केस वाळल्यावर तुझ्या बाटलीतलं तेल घेऊन तिच्या डोक्याला लावलं. तिनं बसल्या बसल्या चार खोड्या काढल्या, इथं दाब, तिथं नको, बाई कशा लावायच्या बघितलं न्हाय का कधी. मग मला म्हणाली, "ये हितं. बस खाली." आणि दोन गुडघ्यांत माझं डोकं धरून उरलेली सगळी बाटली ओतली.